विजेवर आयोडोफॉर्म: कूलोम मोजून करायचं इलेक्ट्रोसिंथेसिस

विजेने सेंद्रिय संयुग बनवायचा पहिला प्रयोग बिघडतो, तो बहुतेक वेळा बटण दाबण्याआधीच. घरातला बारा व्होल्टचा अडॅप्टर आणला जातो, दोन कांड्या बुडवल्या जातात, बुडबुडे दिसले की काम सुरू झालं असं मानलं जातं. तासाभराने बीकरमध्ये तपकिरी गढूळ पाणी उरतं आणि प्रश्न येतो: पदार्थ कुठे गेला? एकच गोष्ट राहून गेलेली असते. या प्रयोगात इलेक्ट्रॉन हा अभिकारक आहे. पोटॅशिअम आयोडाइड तुम्ही तराजूवर तोलता, तसे इलेक्ट्रॉनही तोलावे लागतात. त्यांचा तराजू म्हणजे करंट गुणिले वेळ, आणि त्याचं एकक कूलोम. व्होल्टवरून ते कळत नाहीत आणि बुडबुड्यांवरून तर अजिबातच नाहीत.

हा लेख अ‍ॅसिटोनपासून आयोडोफॉर्म करण्याबद्दल आहे. पहिल्या प्रयोगासाठी मी हाच सुचवतो. पाण्यात होतो, प्लॅटिनम लागत नाही, पदार्थ पिवळा असल्यामुळे डोळ्यांना दिसतो आणि गाळून हातात येतो. पुण्यातल्या कुठल्याही बीएस्सीच्या प्रयोगशाळेत तो जमतो. मात्र प्रयोगशाळेतच, शिक्षक हजर असताना आणि फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढून घेणारं कपाट). घरच्या ओट्यावर किंवा बाल्कनीत हा करायचा नाही.

१. आधी कागद: किती कूलोम लागणार?

अ‍ॅनोडवर, म्हणजे धन कांडीवर, आयोडाइडचं आयोडिन होतं. कॅथोडवर, म्हणजे ऋण कांडीवर, पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि मागे हायड्रॉक्साइड राहतं. आयोडिन आणि हायड्रॉक्साइड मिळून हायपोआयोडाइट तयार होतं, ते अ‍ॅसिटोनच्या एका मिथाइल गटावर तीन आयोडिन बसवतं, मग रेणू तुटून आयोडोफॉर्म आणि अ‍ॅसिटेट मिळतं. एका आयोडोफॉर्म रेणूसाठी आयोडिनचे तीन रेणू लागतात. आयोडिनच्या प्रत्येक रेणूला दोन इलेक्ट्रॉन, म्हणून एकूण सहा.

आता आकडे. ३०० मिलिअँपिअर करंट १०० मिनिटं द्यायचा असं ठरवू.

०.३ अँपिअर × ६००० सेकंद = १८०० कूलोम
१८०० ÷ ९६,४८५ (एक मोल इलेक्ट्रॉनांचे कूलोम) = ०.०१८७ मोल इलेक्ट्रॉन
०.०१८७ ÷ ६ = ०.००३१ मोल आयोडोफॉर्म
०.००३१ मोल × ३९३.७ (आयोडोफॉर्मच्या एका मोलचे ग्रॅम) = सुमारे १.२२ ग्रॅम

म्हणजे एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही तरी हातात येणार जेमतेम सव्वा ग्रॅम. हा आकडा वहीत आधी लिहा. तो माहीत नसताना केलेला प्रयोग फसला की जमला, हे सांगताच येत नाही.

तपासा: वहीत करंट, वेळ, एकूण कूलोम, इलेक्ट्रॉनांची संख्या आणि अपेक्षित ग्रॅम हे पाचही आकडे आहेत ना? नसतील तर पुढे जाऊ नका.

२. वीजपुरवठा: करंट स्थिर ठेवणारा

लागतो तो प्रयोगशाळेतला डीसी पॉवर सप्लाय, ज्यात करंटची मर्यादा वेगळ्या बटणाने ठरवता येते. पुण्याच्या तपकीर गल्लीत असे सप्लाय सहज मिळतात. दुकानात एकच प्रश्न विचारायचा: कॉन्स्टंट करंट आहे का? मोबाइलचा चार्जर, एलईडी पट्टीचा अडॅप्टर, गाडीच्या बॅटरीचा चार्जर यांपैकी काहीही चालणार नाही. हे व्होल्टेज स्थिर ठेवतात. द्रावण तापलं, इलेक्ट्रोडवर थर बसला, कांडी जरा हलली की करंट बदलतो आणि पहिल्या टप्प्यातला सगळा हिशेब कोलमडतो.

सेट करायची पद्धत अशी. व्होल्टेज अगदी कमी ठेवा, सप्लायच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवा आणि करंटचं बटण ०.३० वर आणा. वायरी सोडवा. मग व्होल्टेजची कमाल मर्यादा १० ते १२ वर ठेवा. सेल जोडल्यावर ‘सीसी’चा (कॉन्स्टंट करंट) दिवा लागला पाहिजे. ‘सीव्ही’चा (कॉन्स्टंट व्होल्टेज) लागला असेल, तर सप्लाय व्होल्टेजच्या मर्यादेला अडकलाय आणि ठरवलेला करंट वाहत नाहीये.

सप्लायच्या पडद्यावर पूर्ण विसंबू नका. मल्टिमीटर सेलच्या मालिकेत, अँपिअरच्या सॉकेटला लावून एकदा पडताळून घ्या. अँपिअरवर ठेवलेला मल्टिमीटर सप्लायच्या दोन टोकांना समांतर लावला की त्याचा फ्यूज उडतो. मल्टिमीटर बंद पडायचं कारण शोधायला गेलं तर बहुतेकदा हेच निघतं.

३. इलेक्ट्रोड

प्रयोगाचं निम्मं यश इथे ठरतं, म्हणून जरा सविस्तर.

अ‍ॅनोड, म्हणजे धन टोकाला जोडलेला, ग्रॅफाइटचाच हवा. तांबं लावलंत तर ते स्वतःच विरघळून द्रावणात उतरेल. स्टीलही आयोडाइडच्या द्रावणात अ‍ॅनोड म्हणून टिकत नाही, त्यातून लोह, क्रोमिअम, निकेल सुटतात आणि तुमचे कूलोम धातू विरघळवण्यात जातात. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचं मिश्रण, शिवाय ते फार बारीक. जुने सेल फोडून त्यातली कार्बनची कांडी काढायचा उद्योग अजूनही चालतो, तो करू नका. तिला मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड चिकटलेली असते आणि ती धुऊन पूर्ण जात नाही. प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातून ८ मिलिमीटर जाडीची स्वच्छ ग्रॅफाइटची कांडी घ्या.

कॅथोडला स्टेनलेस स्टीलची २ मिलिमीटर जाडीची तार किंवा सळई चालते. कॅथोड मुद्दाम लहान ठेवायचा. अ‍ॅनोडवर तयार झालेलं आयोडिन ढवळण्यामुळे कॅथोडपर्यंत पोचतं आणि तिथे पुन्हा आयोडाइड होतं. एका बाजूला बांधलेलं दुसऱ्या बाजूला उसवलं जातं आणि करंट मात्र वाहतच राहतो. कॅथोडचं क्षेत्रफळ लहान असेल तर हा तोटा कमी होतो. दोन सारख्या मोठ्या कांड्या लावून ‘दिसायला नीट’ मांडणी करणाऱ्यांचं उत्पन्न नेमकं इथेच घसरतं.

करंट किती द्यायचा हे अ‍ॅनोडच्या बुडालेल्या भागावर ठरतं. ८ मिलिमीटरची कांडी साडेतीन सेंटिमीटर बुडली की क्षेत्रफळ सुमारे ९ चौरस सेंटिमीटर. त्यावर ३०० मिलिअँपिअर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३३ मिलिअँपिअर. तुमची कांडी बारीक असेल तर करंट त्याच प्रमाणात कमी करा आणि वेळ वाढवा. घाईपोटी करंट दुप्पट केला, तर अ‍ॅनोडजवळचं आयोडाइड अपुरं पडतं, ऑक्सिजन सुटायला लागतो, ग्रॅफाइट झिजतं आणि पिवळ्या पदार्थात काळी भुकटी मिसळते.

दोन्ही इलेक्ट्रोड बारीक पॉलिश पेपरने घासा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा. ग्रॅफाइट डिस्टिल्ड पाण्यात दहा मिनिटं उकळून घेतलं तर उत्तम, कारण त्याच्या छिद्रांत आधीच्या प्रयोगाचं द्रावण मुरलेलं असतं.

सावधान: क्रोकोडाइल क्लिप द्रावणाच्या पातळीपासून किमान दोन-तीन सेंटिमीटर वर हवी. ती भिजली की अ‍ॅनोडचं काम क्लिपच करायला लागते आणि द्रावणात तांबं उतरतं.

४. द्रावण

१०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी
६ ग्रॅम पोटॅशिअम आयोडाइड
२ ग्रॅम सोडिअम बायकार्बोनेट
१ मिलिलिटर अ‍ॅसिटोन

पाणी डिस्टिल्डच घ्यायचं. नळाचं चालेल का, असं विचारलं जातं. पुण्यात अनेक सोसायट्यांत टँकर किंवा बोअरचं पाणी टाकीत मिसळतं. त्यातलं कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम कॅथोडवर पांढरा थर धरतात, कारण तिथे सतत हायड्रॉक्साइड तयार होत असतं. थर बसला की व्होल्टेज चढतं.

आयोडाइड इथे दोन कामं करतं. ते कच्चा माल आहे आणि करंट वाहून नेणारं क्षारही तेच. म्हणून ते हिशेबापेक्षा बरंच जास्त घेतलंय. प्रयोगात खर्च होतं साधारण दीड ग्रॅम, बाकीचं द्रावणात राहतं. काटकसर म्हणून दोनच ग्रॅम घेतलं तर शेवटच्या अर्ध्या तासात अ‍ॅनोड उपाशी राहतो.

बायकार्बोनेट वगळायचा मोह होतो, कारण त्याशिवायही पिवळं काहीतरी दिसतंच. पण ताळा करून पाहा. सहा इलेक्ट्रॉनांमागे कॅथोडवर सहा हायड्रॉक्साइड तयार होतात आणि अभिक्रियेत चारच खर्च होतात. प्रत्येक आयोडोफॉर्म रेणूमागे दोन शिल्लक. ती साठत गेली की द्रावण तीव्र अल्कधर्मी होतं आणि तशा द्रावणात आयोडोफॉर्म स्वतःच हळूहळू तुटतो. बायकार्बोनेट ही शिल्लक पोटात घेतं आणि पीएच साधारण ८ ते १० च्या दरम्यान राहतो.

आधी आयोडाइड आणि बायकार्बोनेट पूर्ण विरघळवा. अ‍ॅसिटोन सगळ्यात शेवटी, करंट सुरू करण्याच्या जरा आधी घाला. ते ५६ अंशांवर उकळतं, पण उघड्या बीकरमधून त्याआधीही उडत राहतं.

तपासा: द्रावण रंगहीन आणि निवळ आहे? आयोडाइड जुनं असेल तर फिकट पिवळी झाक चालेल. पीएच पट्टी ८ च्या आसपास दाखवते? मग पुढे.

सावधान: आयोडाइडच्या जागी मीठ टाकून ‘क्लोरोफॉर्म करून बघू’ हा विचार मनातही आणू नका. अ‍ॅनोडवर क्लोरिन वायू सुटतो. आणि या द्रावणात कोणत्याही टप्प्यावर आम्ल घालू नका. आम्लधर्मी द्रावणात आयोडिन आणि अ‍ॅसिटोन मिळून आयोडोअ‍ॅसिटोन होतं, ते डोळ्यांना असह्य झोंबतं.

५. मांडणी

१५० मिलिलिटरचा उंच बीकर, मॅग्नेटिक स्टिररवर. ढवळकांडी छोटी घ्या, दोन सेंटिमीटरची. इलेक्ट्रोड स्टँडला पकडून समांतर उभे करा, मधे साधारण दोन सेंटिमीटर अंतर. त्यांची टोकं ढवळकांडीपासून वर राहिली पाहिजेत. वरून वॉच ग्लास तिरकी टेकवा, म्हणजे अ‍ॅसिटोन कमी उडेल आणि वायूला वाटही राहील.

बीकर बंद करायचा नाही, बूच तर लावायचंच नाही. १८०० कूलोममधून जवळपास पाव लिटर हायड्रोजन सुटतो आणि सोबत अ‍ॅसिटोनची वाफ असते. फ्यूम हूड चालू, शेजारी बर्नर नाही, हॉट प्लेट नाही. सप्लाय हूडच्या बाहेर ठेवा आणि वायरी आत न्या, म्हणजे चालू-बंद करताना उडणारी ठिणगी वाफेपासून लांब राहील.

एप्रिल-मेमध्ये प्रयोग करत असाल तर बीकर थंड पाण्याच्या उथळ भांड्यात बसवा. सेल स्वतः फारसा तापत नाही, पण पुण्याच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेचीच हवा पस्तिशीच्या पुढे असते. द्रावण ३० अंशांच्या आत ठेवा. थंड करायचं म्हणून बर्फ थेट द्रावणात टाकू नका.

६. करंट सुरू करताना क्रम

१. स्टिरर आधी सुरू करा.
२. सप्लाय बंद असतानाच जोडण्या करा: लाल वायर ग्रॅफाइटला, काळी स्टीलला. जोडून झाल्यावर दुसऱ्या कुणाला तरी तपासायला सांगा.
३. सप्लाय सुरू करा आणि त्याच क्षणी घड्याळाची वेळ लिहा.
४. ‘सीसी’चा दिवा आणि ०.३० हा आकडा पाहा.

पहिल्या मिनिटातच खूण पटते. स्टीलवरून बारीक बुडबुड्यांची रांग उठते, ग्रॅफाइटपासून तपकिरी धागे सुटतात आणि ढवळताना विरून जातात. थोड्या वेळाने द्रावण पिवळसर गढूळ होतं आणि एक उग्र, जुन्या दवाखान्यातल्या मलमपट्टीसारखा वास येतो. तोच आयोडोफॉर्म.

तपकिरी धागे स्टीलकडून येताना दिसले तर वायरी उलट जोडल्यात. लगेच बंद करा, द्रावण कचऱ्याच्या बाटलीत टाका (सिंकमध्ये नाही) आणि नव्याने सुरुवात करा. ‘आता फिरवतो’ म्हणून तेच द्रावण पुढे वापरू नका, कारण तोवर स्टीलमधले धातू त्यात उतरलेले असतात.

दर दहा मिनिटांनी चार गोष्टी लिहा: करंट, व्होल्टेज, तापमान, रंग. आयोडाइडपासून आयोडिन आणि पाण्यापासून हायड्रोजन, एवढ्याला कागदावर सुमारे १ व्होल्ट पुरतो. प्रत्यक्षात द्रावणाचा रोध आणि इलेक्ट्रोडवरचा जादा विभव (अभिक्रिया पुढे रेटायला लागणारं जास्तीचं व्होल्टेज) मिळून ३ ते ५ व्होल्ट दिसतात. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, त्याची चाल महत्त्वाची. व्होल्टेज हळूहळू चढत असेल तर आधी क्लिप घट्ट आहे का पाहा, मग द्रावणाची पातळी, मग कॅथोडवरचा थर. ते अचानक उसळलं तर जोडणी निसटली आहे.

रंगही बोलतो. द्रावण कायम गडद तपकिरी राहत असेल, तर आयोडिन तयार होतंय पण वापरलं जात नाही. ढवळणं वाढवा. तरीही तपकिरीच असेल तर अ‍ॅसिटोन उडून गेलं असण्याची शक्यता मोठी. अर्धा मिलिलिटर घाला, पण आधी सप्लाय बंद करून, आणि किती वाजता घातलं ते लिहा. ढवळणं कमी पडण्याचा आणखी एक तोटा आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. अ‍ॅसिटोनपर्यंत न पोचलेलं हायपोआयोडाइट आपसातच अभिक्रिया करून आयोडेट होतं. ते पाण्यात विरघळलेलंच राहतं, गाळणीवर येत नाही, आणि तेवढे कूलोम हिशेबातून नाहीसे होतात.

७. कधी थांबायचं

१८०० कूलोम झाले की. पिवळा साका भरपूर दिसतोय म्हणून आधी थांबायचं नाही, कमी दिसतोय म्हणून दोन तास वाढवायचं नाही. थोडा तोटा गृहीत धरून दहा-वीस टक्के जादा द्यायचे असतील तर ते सुरुवातीलाच ठरवा आणि तसं लिहा.

मधे वीज गेली तर वेळ लिहा आणि दोन्ही इलेक्ट्रोड वर उचलून ठेवा. करंट नसताना स्टील आयोडिनच्या द्रावणात बुडून राहिलं तर ते गंजायला लागतं. वीज आली की उरलेले कूलोम पूर्ण करा. कूलोमचा हिशेब ठेवण्याचा हा मोठा फायदा: खंड पडला तरी प्रयोग वाया जात नाही.

संपल्यावर क्रम असा: सप्लाय बंद, वायरी सोडवा, इलेक्ट्रोड बाहेर. कांडीला चिकटलेला पिवळा थर काचेच्या सळईने खरवडून बीकरमध्येच पाडा, तोही तुमचा माल आहे. स्टिरर आणखी दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे उरलेलं आयोडिन अभिक्रिया पूर्ण करेल.

८. गाळणं, धुणं, वाळवणं

बीकर बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा आणि ब्युकनर फनेलवर (हवा ओढून गाळायचं नरसाळं) गाळा. थंड डिस्टिल्ड पाण्याच्या छोट्या-छोट्या हप्त्यांनी धुवा. आयोडोफॉर्म पाण्यात फारच थोडा विरघळतो, त्यामुळे धुताना घाबरायचं कारण नाही. खाली उतरणारं पाणी रंगहीन आणि पीएच पट्टीवर उदासीन झालं की थांबा.

वाळवताना सगळ्यात जास्त नुकसान होतं. ओव्हनमध्ये १०० अंशांवर ठेवलात तर माल उडून जाईल, कारण आयोडोफॉर्म खोलीच्या तापमानालाही सावकाश उडतो. उजेडाने तो विघटित होऊन तपकिरी पडतो. गाळणकागद दाबून पाणी टिपा आणि कॅल्शिअम क्लोराइडच्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणारं बंद भांडं), अंधारात, रात्रभर ठेवा. पावसाळ्यात नुसता टेबलावर वाळत घातलेला नमुना दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो आणि मग वजन ‘उत्तम’ भरतं. दोन सलग वजनं सारखी आली तरच ते खरं धरा.

पदार्थ करडा दिसत असेल तर त्यात ग्रॅफाइट आहे. कमीत कमी गरम इथेनॉलमध्ये विरघळवा, गरम असतानाच गाळा, थंड होऊ द्या. गरम करायचं ते पाण्याच्या बाथवर, ज्योतीवर कधीच नाही.

तपासा: शुद्ध आयोडोफॉर्म ११९ ते १२३ अंशांच्या पट्ट्यात वितळतो. सूक्ष्मदर्शकाखाली षटकोनी पिवळ्या चकत्या दिसतात. ११९ अंशांच्या आधीच मऊ होत असेल तर नमुना ओला किंवा अशुद्ध आहे.

९. उत्पन्नाचा हिशेब

इथली चूक इतकी सर्रास आहे की वेगळी सांगायलाच हवी. समजा तुम्हाला ०.८६ ग्रॅम मिळाले. बरेच जण अ‍ॅसिटोनवरून टक्केवारी काढतात: १ मिलिलिटर म्हणजे ०.०१३६ मोल, त्यातून ५.३६ ग्रॅम मिळायला हवे होते, म्हणून उत्पन्न १६ टक्के. आणि मग निराश होतात. पण अ‍ॅसिटोन तुम्ही मुद्दामच जास्त घातलं होतं. मर्यादा इलेक्ट्रॉनांची होती. १८०० कूलोमला १.२२ ग्रॅम, त्यातले ०.८६ हाती आले, म्हणजे विजेची कार्यक्षमता सुमारे ७० टक्के. हा आकडा चांगला आहे, आणि उरलेले ३० टक्के कुठे गेले असतील याचं उत्तर वर आलेलंच आहे: कॅथोडवर उसवलेलं आयोडिन, आयोडेट, आणि गाळताना-वाळवताना झालेली गळती.

पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला. कॅथोड आणखी बारीक घ्या, किंवा करंट २०० मिलिअँपिअर ठेवून वेळ दीडशे मिनिटं करा. कूलोम तितकेच राहतील, म्हणून तुलना करता येईल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

१०. उरलेलं द्रावण

यात आयोडाइड, आयोडेट, अ‍ॅसिटेट, थोडं अ‍ॅसिटोन आणि विरघळलेला आयोडोफॉर्म असतो. तपकिरी झाक असेल तर ती जाईपर्यंत सोडिअम थायोसल्फेटचं द्रावण थेंबाथेंबाने घाला. मग सगळं हॅलोजनयुक्त कचऱ्याच्या लेबल लावलेल्या बाटलीत. सिंकमध्ये नाही, कारण सिंकची वाट शेवटी मुळा-मुठेकडेच जाते. जिल्ह्यात घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं केंद्र रांजणगाव एमआयडीसीत आहे. तुमच्या विभागाचा कचरा कुठे आणि कोणामार्फत जातो, हे प्रयोगाआधीच विचारून ठेवा.

ग्रॅफाइट पुन्हा उकळून, वाळवून, ‘आयोडाइड’ अशी चिठ्ठी लावून वेगळं ठेवा, म्हणजे ते दुसऱ्या प्रयोगाला कुणी वापरणार नाही. तयार आयोडोफॉर्म तपकिरी बाटलीत, घट्ट झाकण लावून ठेवा. लेबलवर नाव आणि तारखेसोबत किती कूलोममध्ये केला तेही लिहा.

दुसरी अभिक्रिया करायची असेल तर

कोल्बे अभिक्रिया (दोन कार्बोक्झिलेटमधून कार्बन डायऑक्साइड जाऊन उरलेले भाग जोडले जातात ती) असो किंवा नायट्रो संयुगाचं क्षपण, क्रम हाच राहतो. बदलतात त्या चार गोष्टी. एका रेणूमागे इलेक्ट्रॉन किती: कोल्बेत प्रत्येक कार्बोक्झिलेटमागे एक, नायट्रोबेंझीनपासून अ‍ॅनिलीनला सहा. इलेक्ट्रोड कशाचा: कोल्बेला प्लॅटिनम आणि इथल्यापेक्षा बरीच जास्त करंट घनता. करंट वाहून नेणारं क्षार कोणतं, कारण तिथे कच्चा माल ते काम करेलच असं नाही. आणि दोन्ही इलेक्ट्रोडांमध्ये पडदा हवा का: एका बाजूला झालेलं दुसऱ्या बाजूला मोडत असेल तर हवाच. या चार प्रश्नांची उत्तरं वहीत येईपर्यंत सप्लायची वायर जोडू नका.